फिनलंडच्या आधी शेजारच्या वस्तीवरची शाळा

शिक्षकांच्या अभ्यासदौऱ्याचा विषय निघाला की आपल्याकडे भांडण ठरलेलं असतं. एक बाजू म्हणते, सरकारी खर्चाने सहली कशाला, वर्ग वाऱ्यावर सोडून फिरायचं असेल तर सुट्टीत आणि स्वतःच्या पैशाने फिरा. दुसरी बाजू म्हणते, डॉक्टर परिषदांना जातात, शेतकरी परदेशातली शेती बघून येतात, मग शिक्षकानेच काय घोडं मारलंय? २०२३ च्या जानेवारीत दिल्लीत प्राथमिक शिक्षकांना फिनलंडला पाठवण्यावरून तिथलं सरकार आणि नायब राज्यपाल यांच्यात जुंपली, तेव्हाही सगळी चर्चा खर्च किती, फायदा काय आणि परवानगी कुणाची याभोवती फिरत राहिली. शिक्षक दुसऱ्या शाळेत गेला तर तिथे त्याने बघायचं काय, हा प्रश्न मला त्या गदारोळात ऐकू आला नाही. आमच्या शिक्षकांच्या बैठकांतही तो ऐकू येत नाही. जाणारे जाण्यावर ठाम, अडवणारे अडवण्यावर ठाम, आणि ज्या वर्गाच्या नावाने हे सगळं चाललंय त्या वर्गात नेमकं काय पाहायचं याबद्दल दोघंही गप्प.

मी सातारा जिल्ह्यात, खटाव आणि माण तालुक्यांत, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत २६ वर्षं शिकवलं. माझं मत सरळ आहे. शिक्षकाने दुसऱ्याची शाळा पाहायलाच हवी, आणि वारंवार पाहायला हवी. पण त्यासाठी फिनलंड गाठायची गरज नाही, आणि बस भरून ‘आदर्श’ शाळेला जाण्यात तर फारच थोडं हाती लागतं. शेजारची, आपल्यासारखीच साधी शाळा निवडावी. मनात एक अडलेला प्रश्न घेऊन जावं, दिवसभर मागच्या रांगेत बसावं. आणि तिथल्या शिक्षकाने परतभेटीला आपल्या वर्गात यावं. या परतभेटीचा आग्रह मी सगळ्यात जास्त धरेन.

शाळा पाहून आलेल्या माणसाने काय घडवलं याचं मराठी मुलखातलं सगळ्यात मोठं उदाहरण १८४८ चं आहे. जोतीराव फुले आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर नगरला गेले आणि अमेरिकन मिशनच्या फरारबाई चालवत होत्या ती मुलींची शाळा त्यांनी पाहिली. पुण्याला परतल्यावर त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. म्हणजे ही आम्हा सातारकरांच्या घरचीच गोष्ट, आणि ती आम्ही दर जयंतीला सांगतो. पण त्या नगरच्या भेटीकडे शिक्षकाच्या नजरेने आपण कधी पाहिलंय का? जोतीरावांनी तिथून मिशनचा पैसा आणला नाही, इमारत आणली नाही, ख्रिस्ती धर्माचे धडेही आणले नाहीत. मुली शिकू शकत नाहीत, त्यांना शिकवणं होणं नाही, असं पुण्यात घरोघरी छातीठोकपणे सांगितलं जात होतं. तेच नगरला रोज सकाळी सुखाने चाललं होतं. हा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा त्यांनी आणला. त्याचबरोबर आपल्याकडे काय नाही तेही त्यांना कळलं असणार: शिकवणारी बाई नाही. सावित्रीबाईंनी पुढे फरारबाईंच्या नगरच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंकडे अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं. एकजण पाहून आला, दुसरी तिथेच शिकायला गेली. ती भेट एका दिवसात संपली नव्हती, म्हणून तिच्यातून काही उगवलं.

याच्या उलटही घडलेलं आहे, आणि विरोधकांच्या बाजूचं ते सगळ्यात भक्कम उदाहरण आहे, म्हणून मीच सांगते. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलग्यांच्या शाळेचा प्रमुख होता. तिथल्या एका देशी शाळेत त्याने मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. आपली धूळपाटीच ती. त्याने ती आपल्या शाळेत आणली, आणि जाणत्या मुलाने नवख्याला शिकवायचं अशी घडी बसवली. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये यावर पुस्तिका छापली आणि बघता बघता ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली. का पसरली? स्वस्त होती म्हणून. एका मास्तराच्या पगारात शेकडो मुलं एका दालनात बसवता येत होती. आपल्या पंतोजींच्या शाळेत थोरला धाकट्याला गिरवायला शिकवायचा तेव्हा दोघं एकाच आळीतले, एकमेकांच्या घरचं माहीत असलेले असायचे. त्या भल्यामोठ्या दालनांत त्याची कवायत झाली. पद्धत समुद्रापार गेली, तिच्यातला जिव्हाळा इथेच राहिला.

आणि दोनशे वर्षांनी हाच प्रकार मी माझ्या जिल्ह्यात पाहिला. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, त्याच्या आगेमागे आमच्या कुमठे बीटचं, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांच्या गटाचं, नाव राज्यभर झालं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःचं ज्ञान स्वतः घडवतं हा विचार, हा डी.एड.च्या परीक्षेपुरता पाठ केलेला शब्द खरोखर वर्गात उतरवला होता. मुलं गटात बसून एकमेकांकडून शिकत होती, साहित्य हाताळत होती, फरशीवर अंकांचे आणि अक्षरांचे तक्ते रंगवलेले होते. राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक गाड्या भरभरून ते पाहायला आले. परत जाऊन त्यांतल्या कितीतरी जणांनी काय केलं? फरशा रंगवल्या. पुढची दोन वर्षं मी ज्या शाळेत पाऊल टाकलं तिथे एक ते शंभरचे चौकोन फरशीवर रंगवलेले होते, आणि एका शाळेत तर त्या चौकोनांवर सतरंजी अंथरून मुलं फळ्याकडे तोंड करून रांगेत बसली होती.

मी त्या शिक्षकांना दोष देत नाही. दोन तासांच्या भेटीत डोळ्यांत भरतं ते रंगकामच. फळा सोडून मुलांच्या हाती काम सोपवताना एखाद्या बाईंनी आधी किती महिने गोंधळ सहन केला असेल, शेजारच्या वर्गाने ‘किती हा कालवा’ म्हणून किती बोल लावले असतील, कुठला खेळ साफ फसला म्हणून टाकून दिला असेल, हे बसमधून उतरलेल्या पन्नास पाहुण्यांना कसं दिसणार? फोटो फरशीचाच निघतो. शिवाय पाहुणे येणार म्हटल्यावर शाळा नटतेच. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी अनुदान आणि शाळा तपासनीस हे दोघं हातात हात घालून आपल्याकडे आले. तेव्हापासून वर्गात मागे कुणी येऊन बसलं की शिक्षकाच्या पोटात गोळा येतो. मग चार हुशार पोरं पुढे, पाठ केलेली उत्तरं, भिंतीवर ताजे तक्ते. आम्ही सगळ्यांनी हे केलंय. म्हणून ‘असल्या भेटींनी काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर असल्या भेटींपुरतं ते मला पूर्ण मान्य आहे.

मग कसल्या भेटीने होतं? माण तालुक्यात असताना माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. ऐकून संख्या लिहिताना निम्मा वर्ग आकडे उलटे टाकायचा. त्रेसष्ट म्हटलं की ३६. मी लाल फुल्या मारत होते, पाच पाच वेळा लिहून घेत होते, ‘लक्ष कुठंय’ म्हणून रागावत होते. शेवटी केंद्रप्रमुखांची परवानगी काढून शेजारच्या वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एक दिवस जाऊन बसले. पत्र्याचं छप्पर, दारात कडुलिंब, पटावर १९ मुलं. ती शाळा कधी पेपरात आलेली नाही. तिथल्या गुरुजींच्या वर्गातही एका पोराने त्रेसष्टला ३६ च लिहिलं. गुरुजींनी फुली मारली नाही, पाटीही पुसायला लावली नाही. म्हणाले, ‘वाच बरं, काय लिहिलंस.’ पोरगं म्हणालं, ‘त्रेसष्ट. आधी तीन, मग साठ.’

मला चटका बसला. पोरगं बरोबर ऐकत होतं! त्रेसष्ट म्हणताना तीन आधीच येतात आणि साठ मागून येतात, लिहिताना मात्र सहा आधी. कानाने ऐकलेल्या क्रमाने ते इमानदारीत लिहीत होतं आणि मी तसल्याच पोरांना निष्काळजी ठरवत होते. गुरुजींनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे पुढे टाकले. साठ मांडायला लावले, शेजारी तीन सुट्या काड्या. मग गठ्ठ्यांचं घर डावीकडे आणि सुट्यांचं उजवीकडे. पोरगं थोडा वेळ नुसतं बघत राहिलं, मग स्वतःच पाटी पुसून ६३ लिहिलं. या सगळ्याला सहा-सात मिनिटं लागली. ती मिनिटं माझ्या कुठल्याही प्रशिक्षणात मला मिळाली नव्हती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने ‘साठ तीन’ असं वाचण्याची सोय दिली तेव्हा मराठी बुडाली म्हणून महाराष्ट्रभर ओरड झाली, विषय विधिमंडळापर्यंत गेला. बाजूने आणि विरोधात तावातावाने बोललेल्यांपैकी किती जणांनी एखादं मूल त्रेसष्ट लिहिताना शेजारी बसून पाहिलं होतं?

हे मला माझ्याच वर्गात का दिसलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या वर्गात शिक्षकाची नजर कधी मोकळी नसते. घटक संपवायचा असतो, तिसरीच्या मुलांना काम लावून द्यायचं असतं, खिचडीचे तांदूळ मोजून द्यायचे असतात, मध्येच माहिती मागणारा फोन येतो. दुसऱ्याच्या वर्गात आपल्याला करायला काहीच नसतं. नुसतं बसायचं असतं. म्हणून तिथे मूल दिसतं. जपानी शिक्षकांनी हे फार पूर्वी ओळखलं. तिथे काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो मुलांपुढे घेतो आणि बाकीचे वर्गात उभे राहून मुलं काय करतात ते टिपतात. नंतरची चर्चा त्या टिपणांवर, म्हणजे मुलांवर होते. पाठ घेणाऱ्याचा आवाज कसा, अक्षर कसं, हा विषयच नसतो. ‘हल्ली सगळे आदर्श पाठ मोबाइलवर मिळतात, तिथे जायला कशाला हवं’ असं म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं की त्या चित्रफितीत कॅमेरा कुणाकडे वळलेला असतो. शिक्षकाकडे. ३६ लिहिणारं पोरगं त्या चौकटीत येतच नाही.

आता वेळेचा आक्षेप. तो मला सगळ्यात जड वाटतो. द्विशिक्षकी शाळेतून एक शिक्षक दिवसभर बाहेर गेला तर दुसऱ्याच्या गळ्यात पाच वर्ग पडतात. एकशिक्षकी शाळेत तर जाणार कोण? शिक्षण हक्क कायदा जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरी अशैक्षणिक कामं लावू नका म्हणतो. प्रत्यक्षात बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, सर्वेक्षणं आणि रोजच्या नव्या लिंका यांतून शिक्षकाची मान मोकळी होत नाही. अशा शिक्षकाला ‘आणखी एक भेट द्या’ म्हणणं क्रूरपणाचं वाटू शकतं. पण दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होतेच ना? दहा-बारा शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, दीपप्रज्वलन होतं, सूचना वाचल्या जातात, राहिलेली माहिती भरून घेतली जाते, जेवण होतं. त्याच दिवशी, त्याच शाळेत, मुलं हजर असताना एक खरा पाठ व्हावा, सगळ्यांनी तो पाहावा आणि नंतर तासभर फक्त त्यावर बोलावं. जादा दिवस लागत नाही, जादा रुपया लागत नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शिक्षकाच्या वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवतं. ते तास स्क्रीनपुढे बसून भरायचे की वर्गात बसून, हे तर आपल्या हातात आहे.

एकशिक्षकी शाळेचं उत्तर मला एका जावळीकडच्या शिक्षिकेने दिलं होतं, तिच्या वाडीत सात मुलं होती. ती म्हणाली, ‘मुलांना घेऊनच जायचं की ताई.’ सात मुलं दुसऱ्या शाळेच्या मुलांत बसतील, नवी दोस्ती होईल, डबे एकमेकांत वाटले जातील आणि बाईंना आपली मुलं दुसऱ्याच्या हाताखाली कशी वागतात ते दिसेल. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या समूहशाळा करण्याचा विषय आला तेव्हा छोट्या शाळेतल्या मुलांना सोबती मिळत नाहीत हे कारण पुढे केलं गेलं. कारण खोटं नाही. पण सोबत मिळवण्यासाठी शाळाच मिटवावी लागते का? महिन्यातून दोनदा शेजारच्या वाडीला जाऊन नाही मिळणार?

‘प्रत्येक शाळेची परिस्थिती वेगळी, दुसऱ्याचं आपल्याला कसं लागू पडेल’ हाही जुना आणि वजनदार मुद्दा आहे. पुढे कलकत्ता विद्यापीठ आयोगामुळे आपल्याला माहीत झालेले इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलर यांनी १९०० मध्येच इंग्लंडमधल्या एका व्याख्यानात बजावलं होतं की बागेत फिरणाऱ्या मुलासारखी या झुडपाचं फूल, त्या झुडपाची पानं खुडून आपल्या मातीत खोचली तर जिवंत झाड उभं राहत नाही. खरंच आहे. पण त्यावरून बागेत जाऊच नये असं ठरत नाही. माती बघायला शिकावं एवढंच ठरतं. आणि वेगळेपणाचा तर फायदाच असतो. समजा वाळव्याच्या बागायती पट्ट्यातला शिक्षक जतला गेला. जतच्या सीमेवरच्या गावांत मुलं घरी कन्नड बोलतात. तिथला मराठी शाळेचा शिक्षक पहिलीच्या पोराला कन्नड शब्दाचं बोट धरून मराठी शब्दापर्यंत कसा आणतो, पोराच्या ‘चुकीच्या’ वाक्यात कन्नडची ठेवण कशी ओळखतो, हे तो पाहील. तो म्हणेल, माझ्या गावात कुठे कन्नड? पण परत गेल्यावर त्याला आपल्या वर्गात वीटभट्टीवरच्या परप्रांतीय कुटुंबाची दोन मुलं दिसतील. ती वर्षभर मुकी बसली होती आणि तो त्यांना मंद समजत होता. विट्या-खानापुराकडच्या शिक्षकालाही हे नवं नाही. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेल्या घरांतली मुलं अधूनमधून गावी परततात तेव्हा दुसरीच भाषा आणि दुसरीच लिपी घेऊन येतात. जतच्या वर्गातलं कन्नड वाळव्याच्या शिक्षकाला उचलता येणार नाही, आणि ते उचलायचंही नसतं. मूल घरून काय घेऊन आलंय ते आधी विचारावं, एवढी सवय उचलता येते, आणि ती कुठल्याही मातीत लागते.

या सगळ्यात मला एकच भीती वाटते: शासनाला ही कल्पना आवडण्याची. उद्या शासन निर्णय निघेल, भेटीचा नमुना ठरेल, जिओ टॅगचा फोटो लागेल, ‘भेटीतून काय शिकलात’ या रकान्यात सगळ्या जिल्ह्यातून एकच वाक्य येईल. म्हणून मी योजना मागत नाही. परवानगी द्यावी, अहवाल मागू नये आणि भेटीचा पाहुण्याच्या किंवा यजमानाच्या गोपनीय अहवालाशी काडीचा संबंध ठेवू नये, एवढंच मागते. भीती गेल्याशिवाय वर्ग जसा आहे तसा कुणी दाखवणार नाही. आणि भीती घालवण्याचा मला ठाऊक असलेला एकच उपाय म्हणजे परतभेट. आज मी तुझा गोंधळ पाहिला, पुढच्या महिन्यात तू माझा पाहा. आपल्याकडे शेजारशेजारच्या शाळांचा पटावरून छत्तीसचा आकडा असतो. तुझी चार मुलं माझ्याकडे आली, माझी दोन इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसली, यातच बोलणं संपतं. तीन आणि सहा एकमेकांकडे तोंड करून बसले तर काय होतं, ते मी सांगते.

ते वस्तीवरचे गुरुजी महिन्याभराने माझ्या शाळेत आले. मी आदल्या दिवशी काहीही सजवलं नव्हतं, तरी पहिली दहा मिनिटं आवाज चिरकत होता. ते मागे पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले. भाषेचा तास होता, गोष्ट वाचून प्रश्न विचारायचे होते. तास चांगला झाला असं माझं मत होतं. मुलं धडाधड उत्तरं देत होती. मधल्या सुट्टीत गुरुजींनी पाठकोऱ्या कागदावर काढलेला माझ्या वर्गाचा नकाशा पुढे केला. प्रत्येक मुलाचा एक चौकोन, मी त्या मुलाला जितक्या वेळा बोलतं केलं तितक्या रेघा त्यात. पुढच्या दोन चौकोनांत रेघांची नुसती गर्दी होती. मागचे तीन कोरे होते. एका कोऱ्या चौकोनावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘ही कोण?’

मी नाव सांगितलं. आईबाप ऊसतोडीला जातात, आठ दिवसांपूर्वीच कारखान्याच्या तळावरून परत आलीय, म्हटलं, सध्या तिला काही येत नाही, जरा रुळू दे.

‘बाई,’ गुरुजी म्हणाले, ‘तिनं एकदा हात वर केला होता. तुम्ही फळ्याकडं वळला होता.’